चौथ्या सांगाड्याची हासळी

तोंडी परीक्षेला त्या दिवशी सत्तावीस विद्यार्थी होते. शरीररचना विभागाच्या मोठ्या खोलीत, खिडकीजवळ, लोखंडी आकड्याला टांगलेल्या चौथ्या क्रमांकाच्या सांगाड्यापुढे एकेकाला उभं केलं जात होतं. विभागप्रमुख लाकडी छडीचं टोक गळ्याखालच्या आडव्या हाडावर टेकवून विचारत, "हे कोणतं?"

"हासळी."

"बाजू?"

सव्वीस जणांनी "उजवी" असं सांगितलं आणि ते पास झाले. एका मुलीने "डावी" असं सांगितलं. ती नापास झाली.

सव्वीस जणांनी हाडाकडे पाहिलं नव्हतं. पाहायची गरज नव्हती. हाड उजव्या खांद्याला होतं आणि उजव्या खांद्याला उजवीच हासळी असणार, एवढं कळायला वर्षभर अभ्यास लागत नाही. मुलीने मात्र पाहिलं. हासळीची वरची बाजू गुळगुळीत असते. खालच्या बाजूला एक लांबट खोबण असते आणि बाहेरच्या टोकाकडे खडबडीत उंचवटा. इथे खोबण आणि उंचवटा दोन्ही छताकडे तोंड करून होते. असं एकाच प्रकारे होऊ शकतं: डाव्या बाजूचं हाड उलटं करून उजवीकडे लावलं तर.

"सर, ही डावी आहे. उलटी बसवलीय."

"तू कोणत्या खांद्यापुढे उभी आहेस?"

"उजव्या."

"मग?"

"तरी डावीच आहे, सर."

"पुढचा," विभागप्रमुख म्हणाले.

दाराशी उभं राहून पुढचा क्रमांक पुकारायचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांना या वेळी पुकारायला थोडा उशीर झाला. त्यांना सगळे तारकाका म्हणत. सांगाडे बांधणं ही त्यांची एकतीस वर्षांची नोकरी होती. हाडं स्वच्छ करायची, बारीक भोकं पाडायची, पितळी तारेने एकाला एक जोडायची, मणक्यांमध्ये चकत्या घालायच्या आणि कवटीत आकडा फिरवून सगळं टांगून द्यायचं. नापास झालेली मुलगी त्यांची भाची होती, बहिणीची थोरली. वर्षभर त्यांच्याकडेच राहून शिकत होती. वडिलांनी पाठवताना एकच अट घातली होती: एकदा नापास झालीस की सामान बांधून घरी. वडील शब्दाचे पक्के होते, विशेषतः असल्या शब्दांचे.

घरी जेवताना भाचीने सगळं सांगितलं.

"मग उजवी म्हणून मोकळी का नाही झालीस?" मामी म्हणाली. "सव्वीस जण म्हणाले ना? तुझ्या एकटीच्याच डोळ्यांत दुर्बीण बसवलीय का?"

"मामी, ती डावी आहे."

"असू दे की. तो मेलेला, त्याला काही फरक पडत नाही. तू जिवंत आहेस, तुला पडतो. तुझा बाप उद्या रिक्षा घेऊन दारात उभा राहील."

"मामा, तू सांग. तूच बांधतोस ना सांगाडे? डावी आहे की नाही?"

तारकाकांनी पेला तोंडाला लावला. तो रिकामा होता, तरी ते प्यायले.

"बघावं लागेल," ते म्हणाले.

"एकतीस वर्षं त्यांच्यातच गेली, आणि बघावं लागेल म्हणे," मामी म्हणाली. "उद्या मला ओळखायलाही दाखला मागाल."

बघावं लागणार नव्हतं. ती हासळी तारकाकांनीच बसवली होती.

एकोणीस वर्षांपूर्वी महाविद्यालयाची मान्यता तपासायला वरून समिती येणार होती. नियमाप्रमाणे चार पूर्ण सांगाडे हवे होते. तीन होते. चौथ्याची उजवी हासळी एका विद्यार्थ्याने अभ्यासाला घरी नेली होती आणि ती बसमध्ये राहिली. कपाटात सुट्या हासळ्या सात निघाल्या, सातही डाव्या. आजचे विभागप्रमुख तेव्हा नवे लेक्चरर होते. ते म्हणाले, "डावीच लावा काका, उलटी करून. समिती हाडं मोजते, बघत नाही. ती गेली की बदला." समितीने हाडं मोजली. दोनशे सहा भरली. त्यात कानातली सहा चिमुकली हाडंही धरली होती, जी त्या सांगाड्यात मुळात नव्हतीच. मग समितीने चहा घेतला, शेरा लिहिला आणि ती गेली.

हासळी तशीच राहिली. आधी दुसरी समिती येणार होती म्हणून, नंतर तिसरी. पुढे लेक्चररसाहेबांनी तोंडी परीक्षेच्या तयारीचं पुस्तक लिहिलं. त्याला छायाचित्रं हवी होती आणि खिडकीजवळ उजेड चांगला होता. एक्केचाळिसाव्या पानावर चौथ्या क्रमांकाचा खांदा छापून आला, खाली ओळ: 'उजवी हासळी'. त्यानंतर काही वर्षांनी तारकाकांच्या हाती मापाची, रंगाला जुळणारी खरीखुरी उजवी हासळी आली. त्यांनी ती फडक्यात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवली. तोवर पुस्तकाची तिसरी आवृत्ती निघाली होती. हाड बदललं असतं तर पुस्तक खोटं पडलं असतं. पुस्तकापेक्षा हाड खोटं राहिलेलं बरं, असं कुणी बैठक घेऊन ठरवलं नव्हतं. ते आपोआप ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तारकाका विभागप्रमुखांच्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"सर, ती हासळी डावी आहे. मीच बसवलीय."

"कधी?"

"तुम्ही लेक्चरर होतात तेव्हा. समिती गेली की बदला, म्हणाला होतात."

"मग बदलली का नाहीत?"

"एक गेली की दुसरी येत होती, सर. मग तुमचं पुस्तक आलं."

विभागप्रमुखांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "काका, तुम्ही तिचे सख्खे मामा. हे आता बोललात तर लोक काय म्हणतील? भाचीसाठी खोटं बोलतोय म्हणतील."

"पण मी खरं बोलतोय."

"ते तुम्हाला ठाऊक आणि मला ठाऊक. तुम्ही बोललाच नाहीत, असं मी धरून चालतो. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

तारकाका बाहेर आले. न बोलण्याचा त्यांना सराव होता.

भाचीने मात्र वडिलांना 'निकाल अजून पक्का नाही' असं कळवलं आणि अर्ज केला. कार्यालयाने सांगितलं, तोंडी परीक्षेची फेरतपासणी होत नसते, कारण तपासायला कागदच नसतो. भाची नियमावली घेऊन बाकावर बसली आणि तासाभराने उठून म्हणाली, "मला गुणांची फेरतपासणी नकोच आहे. हाडाची हवीय." हाडाच्या फेरतपासणीला मनाई करणारा नियम सापडेना. असं कुणी मागेल हे नियम करणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. म्हणून समिती नेमावी लागली.

समितीत तिघे होते. हाड विभागाचं म्हणून विभागप्रमुख. फाइल कार्यालयाची म्हणून प्रशासन अधिकारी. आणि कुणीतरी जाणता हवा म्हणून रुग्णालयातले हाडांचे डॉक्टर.

पहिल्या बैठकीला डॉक्टर येऊ शकले नाहीत. सांगाडा बैठकीच्या खोलीत आणायचा तर वस्तू हलवण्याचा परवाना लागणार होता आणि परवान्यावर सही करणारे रजेवर होते. म्हणून पुस्तकातलं छायाचित्र पाहण्यात आलं. सांगाडा आणि छायाचित्र तंतोतंत जुळतात, अशी नोंद झाली.

दुसऱ्या बैठकीला डॉक्टर शस्त्रक्रियेवरून थेट आले. "चित्र कशाला बघताय? पलीकडच्याच खोलीत टांगलंय ना?" ते उठून गेले, अर्ध्या मिनिटात परत आले आणि खुर्ची ओढून बसले.

"डावी आहे. अशी हासळी घेऊन कुणी माझ्याकडे आला, तर मी आधी विचारेन, बाबा, कुठल्या मजल्यावरून पडलास?"

"पण इतकी वर्षं..." विभागप्रमुख म्हणाले.

"इतकी वर्षं तुम्ही तिला छडी लावताय. एकदा नजर लावली असती तर भागलं असतं."

तिसरी बैठक सर्वांत लांबली. हाड डावं आहे हे आता सगळ्यांना मान्य होतं. अडचण फक्त ते लिहिण्याची होती. "डावी म्हटलं तर सव्वीस जण चुकले," प्रशासन अधिकारी म्हणाले. "उजवी म्हटलं तर डॉक्टरसाहेब चुकले. आपल्याला असं वाक्य हवंय, ज्यात कुणीच चुकलेलं नाही." ते वाक्य सापडायला अडीच तास लागले.

ठरावात पाच परिच्छेद होते. पहिल्यात समिती का नेमली ते होतं. दुसऱ्यात म्हटलं होतं की सदर हासळी मूळ स्वरूपात डावी, तर स्थानपरत्वे उजवी आहे. तिसऱ्याने सव्वीस जणांचा निकाल कायम ठेवला. चौथ्यानुसार अर्जदार मुलीची पुन्हा परीक्षा घ्यायची होती. मात्र इतरांवर अन्याय होऊ नये म्हणून प्रश्न तोच, सांगाडा तोच, हाड तेच. बरोबर उत्तर 'डावी', हे पाकिटात बंद करून त्यावर मोहोर मारायची. पाचव्यानुसार, संबंधित कर्मचाऱ्याने सांगाड्यातला दोष तातडीने दूर करून तसा अहवाल द्यायचा होता.

ज्याला जेवढं लागू तेवढंच त्याला द्यायचं, ही कार्यालयाची जुनी पद्धत. अख्खा कागद कुणाला दिला की तो नको ते वाचतो, असा तिथला अनुभव होता. चौथा परिच्छेद, पाकिटाचं वाक्य गाळून, भाचीला मिळाला. पाचवा तारकाकांना मिळाला. दोघांची पत्रं दोन वेगळ्या टेबलांवरून निघाली. तारकाका नातेवाईक असल्यामुळे त्यांच्याकडून एक हमीपत्रही लिहून घेतलं: परीक्षा होईपर्यंत घरात हाडांविषयी बोलणार नाही.

"हाडांविषयी बोलायचं नाही?" मामी म्हणाली. "मग या माणसाजवळ बोलायला उरलं काय?"

भाची खुशीत होती. "मामा, हाड तेच ठेवणारेत. म्हणजे माझं उत्तर त्यांनी..."

"बोलू नकोस. मी सही केलीय."

"अरे, मी फक्त एवढंच सांगते की..."

"सही केलीय म्हटलं ना."

"सहीचं बघ केवढं," मामी भाचीला म्हणाली. "लग्नाच्या नोंदणीवरही केली होती. तेव्हा नव्हतं एवढं मनावर घेतलं."

त्याच आठवड्यात एका दुपारी तारकाकांनी खण उघडला आणि फडकं सोडलं. चौथ्या क्रमांकाच्या खांद्यावरची तार कापली. एकोणीस वर्षांत ती पिळाच्या जागी हिरवी पडली होती. उलटी हासळी सुटून हातात आली. तिला छातीच्या हाडाशी कधीच नीट बसता आलं नव्हतं. फट बुजवायला तेव्हा त्यांनी कागदाचा बोळा कोंबला होता. तोही निघाला. नव्या हासळीला त्यांनी दोन भोकं पाडली, फुंकर मारून भुकटी उडवली, जाड टोक छातीकडे आणि चपटं टोक खांद्याच्या फऱ्याकडे धरून तार ओवली. पिळायच्या आधीच हाड जागेवर बसलं. तारकाका थोडा वेळ स्टुलावर बसून राहिले. खांदा उजवीकडे किंचित झुकलेला असायचा, तो सरळ झाला होता. इतकी वर्षं त्या झुकण्याला विद्यार्थी 'मेलेल्याचं पोक' म्हणायचे.

भाचीला सांगता येत नव्हतं आणि सांगायची गरजही त्यांना वाटली नाही. पाकिटात काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. ती बघेल, उजवी दिसेल, उजवी म्हणेल, सगळे मान डोलावतील. एकदाचं हाड, खांदा आणि उत्तर एका बाजूला येईल. त्यांनी अहवाल लिहिला: 'दोष दूर केला.' अहवाल पाचव्या परिच्छेदाच्या फाइलला लागला. चौथ्या परिच्छेदाची फाइल दुसऱ्या कपाटात होती.

परीक्षा सकाळी अकराला होती. तिघेही वेळेवर आले. तारकाकांना नातेवाईक म्हणून खोलीत प्रवेश नव्हता. पण खोलीचं दार स्प्रिंगचं होतं, धरून ठेवलं नाही की आपटायचं, आणि ते धरायची सवय फक्त त्यांना होती. म्हणून त्यांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून हात आत ठेवून ते धरावं, असं ठरलं.

विभागप्रमुख प्रसन्न होते. त्यांना हे प्रकरण मिटायला हवं होतं. प्रशासन अधिकाऱ्यांनी वेळ वाचावा म्हणून उत्तराच्या रकान्यात 'डावी' असं आधीच लिहून ठेवलं होतं.

छडी हाडाला टेकली. "हे कोणतं?"

"हासळी."

"बाजू?" विभागप्रमुखांनी खिडकीबाहेर बघत विचारलं.

भाचीने तोंड उघडलं आणि मिटलं. मग टाचा उचलून तिने हाडाच्या वरून पाहिलं. मान तिरकी करून खालून पाहिलं.

"उजवी," ती म्हणाली.

डॉक्टरांना खोकला आला.

"घाई करू नकोस, बाळ," विभागप्रमुख म्हणाले. "मागच्या वेळी काय म्हणाली होतीस?"

"डावी."

"आणि ते बरोबर होतं. समितीने मान्य केलंय."

"हो, सर."

"मग आता सांग."

"आता उजवी आहे."

"म्हणजे हिला काही कळत नाही," प्रशासन अधिकारी म्हणाले. "मागच्या महिन्यात डावी, या महिन्यात उजवी. ठोकून देतेय."

"हाड बदललंय, सर."

"हाडं बदलत नसतात," विभागप्रमुख म्हणाले. "माणसं बदलतात."

तेवढ्यात दार धाडकन आपटलं. ते धरणारा माणूस आत आला होता.

"मी बदललंय," तारकाका म्हणाले आणि त्यांनी खिशातली घडी उलगडून टेबलावर ठेवली. "परिच्छेद पाच."

प्रशासन अधिकाऱ्यांनी ती वाचली. मग आपल्यापुढचा परिच्छेद चार वाचला. दोन्ही कागद शेजारी ठेवून पुन्हा वाचले. "हाही बरोबर आहे आणि तोही बरोबर आहे," ते म्हणाले. "सह्या आहेत, जावक क्रमांक आहेत. दोन्ही कागद बरोबर आहेत, म्हणजे चूक मुलीची."

"नापास?" भाचीने विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला.

"नियमाने."

विभागप्रमुखांनी तारकाकांना बाजूला घेतलं. खोली मोठी असली तरी रिकामी होती, सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं. "काका, जुनी आहे ना तुमच्याकडे? दहा मिनिटांसाठी बसवून टाका. ती डावी म्हणेल, आम्ही सह्या करू, निघून जाऊ. मग तुम्ही हवी ती लावा."

जुनी हासळी तारकाकांच्या दुसऱ्या खिशात होती. त्यांनी ती काढली. भाचीकडे पाहिलं. सामान बांधायचं की नाही हे आता दहा मिनिटांच्या कामावर होतं, आणि ते काम त्यांना डोळे मिटून येत होतं.

"नाही, सर."

"काय नाही?"

"पुन्हा चुकीचं बांधणार नाही."

विभागप्रमुखांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू चौथ्या क्रमांकानेच तोंड उघडलं होतं.

"पुन्हा म्हणजे?" प्रशासन अधिकाऱ्यांची मान वर झाली. "आधी कुणी बांधलं होतं? दोष कुणाचा, हा रकाना माझ्याकडे रिकामाच आहे."

विभागप्रमुख खिडकीकडे वळले. त्यांची पाठ एकदम ताठ झाली. बाविसाव्या वर्षी कवायतीलाही झाली नसेल इतकी.

"मी बांधलं होतं," तारकाका म्हणाले. "एकोणीस वर्षांपूर्वी. डावी आहे हे मला तेव्हाच ठाऊक होतं."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

तारकाकांनी ताठ पाठीकडे पाहिलं. "हात माझे होते. तेवढं लिहा."

खिडकीशी कुणीतरी श्वास सोडला. भाची मात्र मामाकडे बघत होती, मघाशी हाडाकडे बघत होती तसं, वरून आणि खालून.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. त्यांचा एक रुग्ण टेबलावर वाट बघत होता. त्यांनी तारकाकांच्या हातून हाड घेतलं आणि भाचीच्या हातात ठेवलं. "हे कोणतं?"

"हासळी."

"बाजू?"

तिने ते फिरवलं, अंगठ्याने खोबण चाचपली. "डावी."

"लिहा."

"असं कसं लिहू?" प्रशासन अधिकारी म्हणाले. "ठरावात म्हटलंय, प्रश्न तोच, सांगाडा तोच, हाड तेच."

"प्रश्न तोच विचारला. सांगाडा तो काय, समोर आहे. आणि तुमच्या ठरावातलं हाड हेच आहे, तिच्या हातातलं. ते कुठे टांगलेलं असावं, हे लिहिलंय का ठरावात?"

लिहिलं नव्हतं. पाकीट फोडलं. आत 'डावी' होतं. रकान्यातही 'डावी' आधीपासूनच होतं. खाडाखोड करावी लागणार नाही, हे लक्षात आल्यावर प्रशासन अधिकाऱ्यांचा चेहरा निवळला. भाची पास झाली, पास व्हायला लागतात तेवढ्याच गुणांनी. दोषाच्या रकान्यात तारकाकांचं पद लिहिलं गेलं आणि त्यांना लेखी ताकीद मिळाली. पुस्तकाच्या आठव्या आवृत्तीत एक्केचाळिसाव्या पानावर तेच छायाचित्र आहे. खालच्या ओळीत आता नुसतं 'हासळी' आहे.

जिन्यात भाची दोन पायऱ्या पुढे चालत होती.

"त्या दिवशी जेवताना मी तुला विचारलं होतं."

"हो."

"तू पाणी प्यायलास."

"हो."

"पेला रिकामा होता, मामा. मला दिसलं होतं."

खालच्या मजल्यावर ती थांबली आणि मागे वळली.

"माझ्याआधी किती जण?"

त्यांनी न कळल्याचं सोंग केलं नाही. एकोणीस वर्षं दार त्यांनीच धरलं होतं. "डावी म्हणणारे? दोन. एक बारा वर्षांपूर्वी, एक सात."

"काय झालं त्यांचं?"

"शिक्षण सोडलं दोघांनी."

"कुठे असतात?"

तेही त्यांना ठाऊक होतं.

मामीला घरी कळलं तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "शेजाऱ्यांचं भांडण तुमच्या पोटात तासभर राहत नाही, आणि हे एकोणीस वर्षं राहिलं? जा आता. दोघांकडे जा. आणि मला घेऊन जाऊ नका, मला तिथे तुमच्या बाजूने बोलावं लागेल."

सुट्टीच्या दिवशी मामा-भाची निघाले. पहिल्याचं चष्म्याचं दुकान होतं. दुकान मोठं होतं, काचा लख्ख होत्या, तो स्वतः गल्ल्यामागे बसला होता. तारकाकांनी उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि तो हसायला लागला.

"काका, मी कुठलं बघितलंय हाड! सांगाडा माझ्यासमोर उभा. त्याची उजवी बाजू माझ्या डाव्या हाताला. मी घाबरून आपली माझी बाजू सांगितली. मला नापास केलं ते बरोबरच केलं. या ताईंना फ्रेम दाखवू का एखादी?"

बाहेर आल्यावर तारकाकांच्या चालण्यात एकदम हलकेपणा आला. "बघ. उगाच मी इतकी वर्षं मनाला लावून घेतलं. दुसरीचंही असंच असणार. चल, घरी जाऊ."

"दुसरी बाकी आहे," भाची म्हणाली आणि रस्ता ओलांडू लागली.

दुसरी एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. घरोघर जाऊन तपासणीसाठी रक्त गोळा करायचं काम करायची. तिने दार अर्धवट उघडलं, गळ्यात अजून कामावरचं ओळखपत्र होतं. तारकाकांनी सुरुवात केली: चौथ्या क्रमांकाचा सांगाडा, उजवा खांदा. एवढ्यावरच तिने हात वर करून त्यांना थांबवलं.

"तुम्ही दारात होतात. माझा नंबर तुम्हीच पुकारला होतात."

"हो."

"मी आत काय म्हणाले, ते तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"आलं होतं."

"बरोबर होतं?"

"बरोबर होतं."

तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून मुठीत धरलं. तारकाका शिव्यांची वाट बघत होते. आल्या असत्या तर त्यांना सोपं गेलं असतं. तिने दार पूर्ण उघडलं.

"आत या. आई पलीकडच्या खोलीत आहे. तिला कमी ऐकू येतं, मोठ्याने बोला. सात वर्षं झाली, ती रोज म्हणते की मी अभ्यासच केला नव्हता. हे सगळं तिला सांगा. पहिल्यापासून सांगा."

तारकाकांनी भाचीकडे पाहिलं. भाची बाजूला सरून दार धरून उभी राहिली, आणि ते आत गेले.